पाठीवरचे ‘उद्या नक्की’

मी एक जुनी प्लायवूडची पेटी आहे. दिसायला ओबडधोबड, पण आत जाड स्पंज आणि बाहेर दोन पितळी कड्या. मित्रांनो, दचकू नका, पण आजवर मी शंभरावर माणसांचे पाय त्यांच्या घरी सुखरूप पोहोचवले आहेत. माझे मालक कृत्रिम पाय बनवतात आणि दुरुस्त करतात. त्यांच्या सुतार मेव्हण्याने मला याच कामासाठी घडवले. पाय पोहोचला की मी रिकामी परत येते. एका आजोबांनी तर आनंदाने माझीच पापी घेतली होती!

पूर्वी मला एक साधी पार्सल कंपनी नेत असे. ‘चार दिवस लागतील’ म्हणत आणि चौथ्या दिवशी पोहोचवत. मग समोर एका जलद पार्सल कंपनीचे चकचकीत दुकान उघडले. त्यांच्या काचेवर भलीमोठी अक्षरे होती : ‘उद्या नक्की!’

एका सोमवारी एका शिक्षिकेचा फोन आला. तिचा पाय आमच्याकडे दुरुस्तीला होता.

“काका, गुरुवारी माझी नोकरीसाठीची वैद्यकीय तपासणी आहे. पास झाले की नोकरी कायम. तोवर पाय मिळेल ना?”

“मिळेल ताई. या वेळी जलद सेवेने पाठवतो. उद्या तुमच्या दारात.”

माझ्या पाठीवर ‘उद्या नक्की’ची लाल पट्टी चिकटली. मंगळवारी मी त्यांच्या गोदामात दोन मिक्सर आणि एका टेबलफॅनखाली दबून पडले होते. बुधवारी गाडीत चढले. गाडीवाल्याकडे दीडशे पार्सले होती, बिचाऱ्याला पाणी प्यायलाही सवड नव्हती. संध्याकाळी त्याच्या साहेबाचा फोन आला, “उरलेल्या सगळ्यांना ‘घर बंद’ टाक आणि ये परत.” त्याने खाली पायही न ठेवता मोबाइलवर बोट दाबले. त्या क्षणी ती शिक्षिका उघड्या दारात खुर्ची टाकून बसली होती.

गुरुवारी ती कुबड्यांवर गेली. कचेरीच्या जिन्यात घसरली, मनगट मोडले, तपासणी राहिली. पंधरा दिवसांत तिची जागा दुसऱ्या कोणाला दिली गेली.

मी पोहोचले शुक्रवारी. तिने डाव्या हाताने माझे झाकण उघडले, पाय पाहिला आणि म्हणाली, “आई, बंद कर ती पेटी.” इतक्या वर्षांत मला कोणी असे परत मिटले नव्हते.

मी परत येताच मालकांनी मला उचलून त्या चकचकीत काउंटरवर आदळले.

“घर बंद होतं म्हणे?”

“सिस्टीममध्ये तसंच दिसतंय, सर.”

“तुमची सिस्टीम गेली होती का दार वाजवायला? जमणार नाही म्हणाला असतात, तर मी स्वतः बसने नेऊन दिला असता! सहा तासांचा रस्ता आहे!”

काउंटरवरच्या मुलीने तक्रारीचा फॉर्म पुढे सरकवला. ‘घर बंद’ टाकायला सांगणारे काउंटरवर बसत नाहीत.

मालक इरेला पेटले. माझ्यात विटा भरून त्यांनी मला आपल्या बहिणीच्या गावी दोन्ही कंपन्यांकडून पाच-पाच वेळा पाठवले. जलद सेवा दोनदा खरोखर दुसऱ्या दिवशी आली. दोनदा ‘घर बंद’. एकदा मी अकरा दिवस बेपत्ता होते, आणि सिस्टीममध्ये मात्र ‘पोहोचले’. साधी सेवा चारदा चौथ्या दिवशी आली. एकदा पाचव्या दिवशी, पण आदल्या दिवशी पार्सलवाल्या पोराचा बहिणीला फोन आला, “आत्या, पुलावर पाणी आहे, उद्या येतो.”

शिक्षिकेला पुन्हा जागा मिळायला दीड वर्ष लागले. ते दीड वर्ष कोणत्याही कंपनीने भरून दिले नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी गाड्या चालवील, कोणी कंपन्या चालवील. मी लाकडाची आहे, तरी ही विनंती रागानेच करते. वेग जमला तर चांगलेच. नाही जमला, तर ‘उशीर होईल’ एवढे दोन शब्द वेळेवर पोहोचवा. त्यांना ना पेटी लागते, ना गाडी.