देवव्रतच्या गाडीखालची लिंबं

माणसाने चाकाचा शोध लावला आणि अंतर नावाच्या शत्रूचा कायमचा पराभव केला. या विजयाची बातमी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मात्र पोचली नव्हती. तिथे देवव्रत परुळेकरची गाडी चार चाकांवर उभी होती, आणि उभीच होती.

देवव्रत माझा शेजारी. त्याच्या गाडीइतकी निरोगी गाडी अख्ख्या उपनगरात नसेल. हवा, ऑइल, कूलंट, फॅन बेल्ट सगळं तो स्वतः तपासायचा, मग मेकॅनिककडून तपासून घ्यायचा, आणि मेकॅनिकने नीट तपासलंय का ते पुन्हा स्वतः तपासायचा.

ही सगळी तयारी देवगडला जाण्यासाठी. तिथल्या एका खाडीकाठी त्याच्या बायकोचं, उत्तराचं, माहेर. फार पूर्वी तिचे वडील अत्यवस्थ असताना दोघं जुन्या गाडीने निघाले आणि कशेडी घाटात रेडिएटर फुटला. पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. उत्तरा त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

देवव्रतने नवी गाडी घेतली आणि ती रस्त्यात बंद पडू द्यायची नाही अशी प्रतिज्ञा केली. प्रतिज्ञा पाळायचा खात्रीचा उपायही त्याला सापडला. निघायचंच नाही. दर मे महिन्यात बेत ठरे, सामान भरलं जाई, चारही चाकांखाली लिंबं ठेवली जात, आणि तेवढ्यात देवव्रतला इंजिनात कसलासा आवाज ऐकू येई. तो दुसऱ्या कोणाला कधी ऐकू आला नाही. लिंबं न चिरडता वर परत जात, उत्तरा ती धुऊन त्यांचं सरबत करी, आणि दुसऱ्या दिवशी एकटीच रेल्वेने माहेरी जाई. ते सरबत मीही प्यायलोय. झकास असायचं.

बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी तो गाडी जागच्या जागी चालू करून बसे. पुढेपुढे उत्तराही चहाचा थर्मास घेऊन शेजारी बसू लागली.

"अहो, कुठवर आलो?"

"पेण."

"मग थांबवा ना जरा. पोह्याचे पापड घेते."

हँडब्रेक ओढलेलाच असे. तरी तो पुन्हा ओढी. असं करत करत दोघं राजापूरपर्यंत पोचले होते.

दिवाळीनंतर उत्तरा झोपेतच गेली. हृदय बंद पडलं. ते कोणी कधी तपासून घेतलं नव्हतं.

"माझ्या अस्थी आमच्या खाडीत सोडा, आणि गाडीने न्या," असं ती सांगून ठेवून गेली होती. दहाव्याच्या आत पोचायला हवं होतं. नवव्या दिवशी सकाळी त्यांची मुलगी गंधाली माझ्या दारात उभी.

"बाळकाका, तुम्ही बोला ना बाबांशी. उद्या दहावा आणि हे खाली वायपर बदलतायत. हिवाळ्यात!"

मी खाली गेलो. देवव्रत बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता.

"देवा, निघायचं ना?"

"आवाज येतोय रे कसला तरी."

"येऊ दे. बंद पडली तर मी ढकलेन."

"तू? त्या गुडघ्यांनी?"

"मग माझे गुडघे तपास आणि चल."

तो हसला नाही. पण हात पुसून लिंबं आणायला वर गेला.

कलश पुढच्या सीटवर ठेवून त्याने पट्टा लावला. मी आणि गंधाली मागे. गाडी हलली, चाकांखाली लिंबं फुटली, आणि देवव्रत असा दचकला की गंधालीने माझा हात धरला.

रस्ताभर तो इंजिनाकडे कान लावून होता. पेणला थांबला, पोह्याचे पापड घेतले आणि कलशाशेजारी ठेवले. कशेडीला आता बोगदा झालाय. माझी खोकल्याची उबळ थांबायच्या आत आम्ही पलीकडे होतो.

"एवढंच?" तो म्हणाला.

राजापूर मागे पडल्यावर त्याने गाडी अगदी हळू घेतली. या गाडीत इथून पुढे ती कधी त्याच्याशेजारी बसून आली नव्हती.

ऊन उतरता उतरता खाडीवर पोचलो. तिचा भाऊ भटजींना घेऊन आधीच येऊन थांबला होता. अस्थी पाण्यात गेल्या. गंधाली काठावर बसून रडत राहिली. देवव्रत गाडीकडे परतला, सवयीने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"काहीच झालं नाही रे, बाळ," तो म्हणाला. "गरमसुद्धा झाली नाही. निदान पंक्चर तरी व्हायचं."

त्याने ऑइलची पट्टी काढून पाहिली आणि परत आत घातली.

"म्हणजे केव्हाही आलो असतो."

जन्मभर लिहून लोकांना शब्द पुरवणारा मी. मृत्यू, प्रवास, नियती असं काहीतरी भारदस्त जुळवत होतो. खांद्यावर हात ठेवायला हात उचललाही होता. तेवढ्यात त्याने बॉनेट लावलं.

"बाळ, इथे कुठे लिंबू सरबत मिळतं का बघ ना जरा. साखर कमी सांग."