शनिवारचं इंजिन

"बेटा, शनिवार चुकवू नकोस. जहाज बुडताना इंजिन रुसलं, तर तक्रार कोणाकडे करशील?"

पहिल्या जहाजावरच्या चीफ इंजिनिअरचा हा आवाज अब्दुल सुट्टीवर वरसे गावी आला की हमखास काढून दाखवायचा. दर शनिवारी लाइफबोटीचं इंजिन तीन मिनिटं चालवून बघायचं, असा तिथला कायदा. घरभर त्याच्या आठवणी: पितळी शिट्टी, होकायंत्र, आणि मागच्या पडवीत मोडीत निघालेल्या लाइफबोटीचं हँडलवालं डिझेल इंजिन. लाइफबोटीला आधी वल्ही, मग दांडे ओढून फिरवायचा पंखा, मग पेट्रोल, मग हे. आता बटण आलंय, पण बटण बॅटरीचं मिंधं, असं तो सांगे. आणि वर, सतरा वर्षं दर सुट्टीत हे पहिल्या फेऱ्याला सुरू होतं, माझा हात लागतो ना!

यंदा तो कायमचा घरी आला, आणि तीन महिने इंजिन नुसतं पुसत बसला. मग शेजारच्या धोंडीच्या होडीत बसवलं. सुरू नाय झालं तर भंगारात, ही पैज अब्दुलचीच. म्हणून कुंडलिकेच्या काठी पेणचा भंगारवाला टेम्पो लावून शेंगा खात उभा होता.

अब्दुलने हँडल मारलं. पहिल्या फेऱ्याला इंजिन खोकलं. दुसऱ्याला शिंकलं. तिसऱ्याला तेवढंही नाही. याला हळदीचं दूध पाजा, धोंडी म्हणाला. काठ हसला. भंगारवाल्याने टरफलं झटकून टेम्पोतला दोर सोडायला घेतला.

तेवढ्यात अब्दुलची बायको आमना ओढणी कमरेला खोचून होडीत उतरली. पिशवीतून बाटली काढली, इंजिनावरच्या वाटीत चमचाभर तेल ओतलं, धोंडीला इंजिनाचा दाब मोकळा करणारा खटका वर धरायला लावला, आणि हँडल जात्यासारखं गरगर फिरवलं.

"हां, पाड!"

टुक. टुक. टुकटुकटुक! काठावरचे बगळे उडाले. होडीने दावं तोडलं न् सुटली भिंगरीसारखी गोल गोल. अब्दुल मधोमध, टोपी पाण्यात, हसून हसून डोळ्यांत पाणी.

"आमना, तुला कोणी शिकवलं गो?"

"तुमच्या तोंडच्या चीफने. तुम्ही दहा-दहा महिने बोटीवर. मशीन काय आपोआप जित्तं राहिलं? सतरा वर्षं, तुम्ही कायमचे घरी येईपर्यंत, एक शनिवार चुकवला नाय मी. सगळ्या वरसे गावाला ठावं हाय. पण पहिल्या फेऱ्याची फुशारकी मारताना तुम्ही इतके गोड दिसायचात, म्हणून नाय बोलले."