युनूसभाईंचं नाक

पौडच्या बाजारात पेट्रोलच्या टाकीची भोकं झाळ मारून बुजवणारा माणूस एकच, युनूसभाई. बाकीचे मेकॅनिक गाडीची गंजकी टाकी दिसली की हात झटकतात. झटकणारच म्हणा. आत थोडी जरी पेट्रोलची वाफ उरली आणि ज्योत लागली, तर टाकीचा सुतळी बॉम्ब होतो. युनूसभाईंचं सगळं कसब नाकात होतं. टाकी धुवायची, तोंडाशी नाक न्यायचं आणि वास पुरता गेला असेल तरच गॅस पेटवायचा. पंचवीस वर्षं त्या नाकानं घर चालवलं.

ते नाक कोरोनानं नेलं. ताप गेला, खोकला गेला, वास काही परत आला नाही. अत्तर आणि रॉकेल सारखंच झालं. ही गोष्ट बायको मुनीराशिवाय कुणाला ठाऊक नव्हती, आणि व्हायलाही नको होती. वास न येणाऱ्याच्या हाती टाकी कोण देईल? तेव्हापासून मुनीरा चहा घेऊन दुकानात येई, कप ठेवता ठेवता टाकीवर वाके आणि "चहा गार होतोय" म्हणे. म्हणजे वास नाही, करा सुरू. "साखर कमी पडली" म्हणाली, की टाकी पुन्हा धुवायची. चार वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

मागच्या आठवड्यात मुनीराला सर्दी होती. चहा गार होतोय म्हणाली आणि टाकी भडकली. नशीब थोर म्हणून भुवयांवर निभावलं. आता तिची सर्दी उतरली होती, युनूसभाईंच्या भुवया मात्र अजून उगवायच्या होत्या.

अशात माण गावचे जयसिंगदादा आपल्या लग्नात मिळालेल्या मोटारसायकलची टाकी घेऊन आले. शेतात खोल्या बांधून भाड्यावर सुखात असलेला माणूस, पण त्या गाडीवर भारी जीव.

"नवी टाकी आणली हुती भाई, पन डुप्लिकेट माल. बसंनाच. ही जुनी गळतीय, आता तुमीच कायतरी करा."

युनूसभाईंनी टाकीत मूठभर खडी घालून ती खडखडवली. चहाच्या चोथ्यासारखा गंज बाहेर पडला. गंज पेट्रोल पिऊन बसतो, म्हणून त्यांनी सोड्याच्या गरम पाण्यानं टाकी दोनदा धुतली. मुनीरा आली, वाकली.

"साखर कमी पडली."

तिसऱ्यांदा धुतली. साखर कमीच. चौथ्यांदा धुतली, तरी कमीच. दुपार टळली तसे जयसिंगदादा कावले आणि त्यांनी स्वतःच टाकीत नाक घातलं.

"नुसता सोड्याचा वास येतोय की. तुमी हुंगा भाई. तुमचं नाक म्हंजे सोनाराचा काटा."

युनूसभाईंनी मुनीराकडे पाहिलं. ती रिकाम्या कपाकडे बघत होती. नाइलाजानं त्यांनी टाकी उचलून नाकाला लावली. पत्रा गार लागला, बाकी काही नाही. गॅस पेटवावा तर बायको नको म्हणतेय, न पेटवावा तर समोरचा हसेल, आणि आपल्याला स्वतःचं असं काहीच कळत नाही.

"येतोय," ते म्हणाले. "पत्राबी पार खाल्लाय. हिला झाळ धरायची न्हाई."

जयसिंगदादांनी टाकी बगलेत मारली. "भाईंचं नाक म्हातारं झालं," एवढं बोलून ते निघून गेले.

युनूसभाईंनी शटर अर्धं ओढलं.

"खरं सांग. येत हुता?"

"दुसऱ्या पान्यालाच गेला हुता," मुनीरा म्हणाली.

त्यांचा पारा चढला. "मग साखर साखर काय लावलं हुतंस? पोट हाय आपलं ह्याच्यावर."

"व्हय," ती म्हणाली. "पन मागल्या टाकीलाबी मला वास आला न्हवताच की. आता न्हाई आला, तर त्यो टाकीत न्हाई का माज्या नाकात न्हाई, हे मी कुनाला इचारू?"