कोणालाच न येणारा खेळ

"हा काय शो आहे काय गा, डोमाजी?" नत्थूजींनी पत्ते सतरंजीवर आपटले. "गुलामासंग तिर्री लावली तू! मंगापासून हेच करून राह्यला."

कुठे चुकलं ते डोमाजींना कळेना. ते नुसतेच हसले.

कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधण्यात त्यांची उमर गेली होती. नोकरी संपल्यावर हिंगणघाटच्या घराच्या ओट्यावर दुपारची रमी, एवढीच चैन. नत्थूजी, भैय्याजी, लहानू हे जुने जोडीदार, पैशांऐवजी चिंचोके. पण हल्ली डोमाजींची आठवण दगा देत होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. त्यांच्या बायकोने, रुख्मिणीबाईंनी, ते घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. डोमाजी सतरंजी अंथरून वाट पाहत राहिले.

"नत्थूजीच्या घरी बसले सारे," रुख्मिणीबाई लेकीला म्हणाल्या. "बाबाले सांगू नको."

पुण्याहून सुट्टीवर आलेली रक्षा तडक नत्थूजींच्या ओट्यावर गेली. "काका, पोकरचा एक खेळ शिकवू? बडुगी म्हनते त्याले. होस्टेलवर शिकलो होतो आमी."

"बाप्पा! कोन खेळते तो?"

"कोनीच नाई खेळत."

"मंग काऊन शिकाचा?"

रक्षाने आवाज खाली आणला. आईची आण मोडत होती. "बाबाले रमी आठवत नाई, काका. बिमारी आहे ती. हा खेळ तुमालेबी येत नाई. सारेच नवशिके."

नत्थूजी चपला पायात सरकवून उठले.

डोमाजींच्या ओट्यावर पुन्हा डाव बसला. प्रत्येकाला चार पत्ते. चारही वेगळ्या रंगाचे हवेत, एकही आकडा दुबार नको, आणि जेवढे लहान तेवढे भारी. जन्मभर राजा-राणी जपलेल्या म्हाताऱ्यांना ते टाकून देववेना. "एक्का लहान का मोठा, पोरी?" भैय्याजी विचारायचे. लहानू तेच पुन्हा विचारायचा. डोमाजीही विचारायचे, आणि कोणी मान वर करून पाहायचं नाही. एका दुपारी त्यांच्या हाती एक्का, दुर्री, चव्वा, छक्का असे चार रंगांचे पत्ते आले. त्यांचं हसू ऐकून रुख्मिणीबाई कणकेचे हात तसेच घेऊन दारात आल्या. लेकीवरचा राग त्यांनी तिथेच सोडला.

दिवाळीपर्यंत बाकीचे तिघे बडुगीत तरबेज झाले. डोमाजी पुन्हा मागे पडले. तेव्हा पुण्याला फोन गेला.

"रक्षा, नत्थूकाका बोलतो. दुसरा शिकव वं. हा आमाले येऊन राह्यला."

मग व्हिडिओ कॉलवर दुसरा खेळ आला. तो अंगवळणी पडला तसा तिसरा.

उन्हं तापू लागली होती. नत्थूजी पत्ते पिसत होते. डोमाजी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले.

"तुमी कोनाकडचे?"

पिसणारे हात थांबले. लहानू दुसरीकडे पाहू लागला. चहा घेऊन आलेल्या रुख्मिणीबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"मी नत्थू," नत्थूजी पत्ते खाली ठेवून म्हणाले. "नवीनच आलो गल्लीत."

"पत्ते येतात?"

"नाई जी."

"मंग असे जवळ बसा," डोमाजींनी सरकून जागा करून दिली. "मी शिकवतो तुमाले."

ते सांगू लागले. त्यांचे नियम कोणत्याच खेळाचे नव्हते. नत्थूजी मान हलवत, मधूनच अडून पुन्हा विचारत, शिकू लागले.