खांद्याची शिवण

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. दीड हात लांब, हातभर रुंद. वरच्या कडेला कागद धरायला लोखंडी चिमटा आणि उजव्या कोपऱ्यात फोटो धरायला दुसरा, लहान.

माझा जन्म शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या खोलीत झाला. शेजारपाजारचे त्यांना मावशी म्हणत. कापड बेतायला त्यांनी मोठं टेबल करून घेतलं, पण ते आत आल्यावर खोलीचं दारच उघडेना. शेवटी सुतारानं टेबलाची एक बाजू कापली. ती कापलेली बाजू म्हणजे मी. सुतार मला घेऊन निघाला होता, तेव्हा मावशी म्हणाल्या की राहू द्या, कशाला तरी होईल. मग कितीतरी वर्षं मी ‘कशाला तरी’ होण्याची वाट बघत कपाटामागे उभी होते.

मावशींचे यजमान लवकर गेले. मुलगा एकुलता एक. तो शिकला आणि नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला. तिकडून तो फोनवर फोटो पाठवायचा. एके दुपारी मावशींनी मला बाहेर काढलं, पुसलं, चिमटे बसवून घेतले आणि शिसपेन्सिल हातात घेतली. फोनमध्ये बघून काढायला गेलं की भुवई अर्धी होते न होते तोच फोन काळा पडायचा. म्हणून त्या कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडून फोटो छापून आणू लागल्या. त्यानं एकदा विचारलं, फोटो आहे तर चित्र कशाला?

“फोटो बघून होतो क्षणात,” मावशी म्हणाल्या. “चित्राला दोन दिवस लागतात. तेवढे दिवस तो घरात असतो.”

पहिल्या चित्रांत नाकाचा पार बटाटा झाला होता. कॉलर मात्र अशी, की हात लावून बघावी! हळूहळू नाकही जमलं. माप द्यायला येणाऱ्या बायका भिंतीकडे बघून म्हणायच्या, अगदी हुबेहूब! त्यांतल्या एकीनंही त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. तरी मावशींना बरं वाटायचं, आणि खरं सांगते, मलाही.

पुढे फोटो कमी झाले. महिन्याला एक, मग दोन महिन्यांनी एक. मावशी जुन्याच फोटोंवरून पुन्हा चित्रं काढत बसायच्या. मग बऱ्याच दिवसांनी एक नवा आला. मुलगा खिडकीपाशी उभा राहून हसत होता. अंगात मावशींनीच शिवलेला निळ्या पट्ट्यांचा शर्ट होता.

चेहरा झटकन झाला. खांदा काही केल्या जमेना. मावशींनी तो तीनदा खोडला. कागद झिजला, पेन्सिलीचा दाब थेट मला जाणवू लागला. मग त्या थांबल्या आणि फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या. चूक चित्रात नव्हतीच. शर्टाची शिवण खांद्यावरून दोन बोटं खाली उतरली होती. त्यांनी बेतलेली शिवण अशी सरकणं शक्य नव्हतं. खांदाच आत गेला होता.

त्यांनी लगेच फोन लावला. तो म्हणाला, काही नाही गं, धुऊन धुऊन शर्ट सैल झालाय.

“धुतल्यावर कापड आटतं, बाळा. सैल होत नाही. खरं सांग.”

मग सगळं बाहेर आलं. तीन महिने तो आजारी होता. नोकरी सुटली होती. स्वतःपुरतं शिजवायचंही त्राण नव्हतं, आणि आईला काळजी नको म्हणून तो हसरे फोटो काढत होता.

दुसऱ्याच दिवशी मावशींनी गिऱ्हाइकांची कापडं परत केली, मशीन झाकलं, किल्ली खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना दिली आणि त्या गेल्या. अर्धवट चित्र माझ्यावर तसंच राहिलं.

त्याला वर्ष होऊन गेलं. खोलीत मी आहे, झाकलेलं मशीन आहे आणि धूळ आहे. शिक्षिकाबाई रविवारी येऊन खिडकी उघडतात आणि फोन स्पीकरवर ठेवून मावशींशी मोठ्या आवाजात बोलतात. त्यातूनच मला कळतं. मुलगा बरा झाला. हलकं काम मिळालं. अंगही भरलं, शर्ट उसवून मोठे करावे लागले. मावशी आता तिकडेच राहणार. चित्रांचं विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, “आता कशाला? तो समोरच असतो की.”

हे ऐकून मला आनंद झाला, आणि खूप एकटंही वाटलं. दोन्ही एकदमच.

मागच्या रविवारी शिक्षिकाबाईंनी भिंतीवरची चित्रं आणि माझ्यावरचं अर्धवट चित्रही पाठवण्यासाठी काढून घेतलं. एकतीस भरली. सगळ्यांत तो. मावशींचं एकही नव्हतं. त्यांचा फोटो कुणी काढलाच नव्हता, तर चित्र कुठून होणार?

मित्रांनो, आपल्या माणसांचे फोटो नुसते बोटानं पुढे सरकवू नका. थोडं थांबून खांद्याकडे, डोळ्यांखाली बघा. आणि घरात जे माणूस कधीच फोटोत नसतं, त्याला एकदा खिडकीपाशी बसवा आणि त्याचं चित्र काढा. नाक बिघडलं तरी चालेल. खाली धरायला फळी लागली, तर मी रिकामीच आहे.