ठिपकीची वायर

सेक्रेटरी साहेब, वायर तुम्हीच उपटली. उंदरानं कुरतडली नाही, वॉचमनच्या झाडूत अडकली नाही. पार्किंगमधल्या जनरेटरच्या पॉइंटला लावलेली आमची पिवळी वायर तुम्ही वाकून, धरून, ओढून काढली आणि वेटोळं करून आमच्या उंबऱ्यावर टाकली. मी जिन्यापाशी उभी होते. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "भाडेकरूंना बॅकअप नाही, दीक्षाताई. रूल आहे."

त्याच जनरेटरवर गेटाजवळच्या कारंज्याचे निळे दिवे भरदिवसा पेटलेले होते.

वर हसून म्हणालात, "एका पालीपायी एवढं परेशान व्हायचं?"

हो, पालीपायी. ती पाल कोण, ते आधी ऐका.

माझा धाकटा भाऊ संघपाल दुबईला गेला त्याला आता तिसरं वर्ष. जाताना त्यानं मायच्या हवाली एक काचेची टाकी केली. आत वीतभर लांब, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली पाल. लेपर्ड गेको म्हणतात तिला. भिंतीवर चढत नाही, चुकचुकत नाही, आणि तिला पापण्या आहेत; माणसासारखे डोळे मिटून झोपते. पंचफुलाबाईनं, म्हणजे माझ्या मायनं, पहिल्या दिवशी नाक मुरडलं. "दुनियेची लेकरं कुत्रं पाळतेत, हा पाल पाळायला." आठवडाभरात तिनंच नाव ठेवलं, ठिपकी.

दर रविवारी संघपालचा व्हिडिओ कॉल येतो. लागल्या लागल्या तो म्हणतो, "माय, ठिपकी दाखव." मग माय टाकीसमोर फोन धरून उभी राहते. किडे खाल्ले का, कात टाकली का, शेपूट जाड आहे का. सगळं झालं की शेवटी, "तू बरी ना? बरं, ठेवतो."

फोन बंद झाला की माय पदरानं काच पुसते आणि म्हणते, "ही हाय तवर फोन हाय. ही मेली का मंग कशाला करंल गं तो?"

मी तिला गप्प करायची. पण खोटं सांगू कशाला, मलाही तसंच वाटायचं.

या पालीला उजेडापेक्षा ऊब जास्त लागते. टाकीच्या एका टोकाखाली एक पातळ काळी चटई असते, करंटवर गरम होणारी. तिच्यावर फुटक्या माठाचं खापर उपडं ठेवलंय, ती ठिपकीची गुहा. दुसरं टोक गार ठेवायचं, तिथं पाण्याची वाटी. वरचा छोटा पांढरा दिवा दिवसाच लावायचा. रात्री उजेड नको, नुसती ऊब. पोटाखाली ऊब असली तरच खाल्लेलं पचतं, नाहीतर किडा पोटातच सडतो. संघपालनं हे मायला दहा वेळा समजावलं होतं.

मायला अर्धंच पटलं. खालून शेक द्यायचा, हे ऐकून तर ती खूशच झाली. "बाळंतिणीसारखंच की! बाजंखाली शेगडी." पण गार टोक तिला काही केल्या पटेना. "अर्ध्या अंगाला ऊब अन् अर्ध्याला गारठा, असं कोण ठेवतं गं लेकरू?" पहिल्याच हिवाळ्यात तिनं टाकीला चारी बाजूंनी गोदडी गुंडाळली आणि वरून ओव्याची धुरी दिली. ठिपकी तोंड वासून पडली. फोनवर संघपाल ओरडला, "माय, मारतीस का तिला? गरम झालं तर तिला उठून गारव्याला जाता आलं पाहिजे! मग लागली ऊब की येते ती परत."

मायनं टाकीवरची गोदडी सोडली. तिची घडी घालता घालता म्हणाली, "तसं व्हय. जाता आलं पाहिजे." संघपालला ती बाप्या म्हणते; पुढं पुटपुटली, "बाप्या पण तसाच गेला. गारव्याला." तेव्हापासून गार टोकाची वाटी ती रोज घासून भरते.

आता आमच्या जुन्या वस्तीची, गौलीगुड्याची आठवण काढते. ती तुम्हाला नको असेल, तरी काढते.

बस स्टँडच्या मागं, गल्लीच्या टोकाला आमची एक खोली होती. बापू, माझे वडील भिवाजी, डेपोत गाड्या धुवायचे. आमच्या खोलीत करंट नव्हता, चिमणी होती. शेजारी सावित्रीबाई आणि एकनाथराव. शेतीवाडीवाले लोक, किराण्याचं दुकान, घरात दोन-दोन ट्यूबलाइट. संघपाल भर थंडीत, दिवस भरायच्या आधी जन्मला. बापूंच्या हातात मावेल एवढा. दवाखान्यातून घरी आणला तर त्याचे पाय निळे. मायच्या बाजेखाली शेगडी होती, मी फुंकायला बसलेली, डोळ्यांतून पाणी. तरी पोर गारच.

सावित्रीबाई खिडकीत आली. आत वाकून बघितलं. गेली आणि वायर घेऊन आली. तिच्या घराच्या पॉइंटला एक टोक, दुसऱ्या टोकाला होल्डर, त्यात शंभराचा बल्ब. खिडकीतून वायर सरळ आमच्या बाजेवर. खरं तेच लिहिते, ती बाई मायच्या तांब्यात पाणी वरूनच ओतायची. पाण्याला शिवाशिव होती. करंटला नव्हती.

मागून एकनाथकाका ओरडले, "करंट माझा, बल्ब माझा, मग पोरगं कोणाचं?"

सावित्रीबाई म्हणाली, "तुमचंच समजा. नाव ठेवायला या."

सगळी गल्ली हसली. बाजेवर माय पण हसली, बाळंतपणानंतर पहिल्यांदा. पिवळ्या उजेडात संघपालचे पाय हळूहळू गुलाबी झाले. ओव्याचा वास, निखाऱ्यांची तडतड, आणि त्या बल्बचा गोल उजेड. माझ्या आयुष्यात मी इतकी श्रीमंत पुन्हा कधी झाले नाही. ती वायर उन्हाळा लागेपर्यंत खिडकीत लटकत होती. मी तिच्याखाली बसून बाराखडी गिरवली. आम्ही अर्ज केला नव्हता. तिनं रूल सांगितला नाही.

आणि होल्डर खिळ्याला अडकवायला स्टुलावर कोण चढलं होतं, साहेब? खाकी चड्डीतला, सावित्रीबाईचा थोरला. जामबागच्या मराठी शाळेत माझ्या एक वर्ग पुढं. शॉक बसला म्हणून "अम्मा!" ओरडून जो खाली पडला आणि तरी पुन्हा चढला, तो. तुम्हीच.

त्याच ओळखीवर आम्ही विद्यानगरला तुमच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं आलो. मायनं तेव्हा तुमच्या तोंडावरून हात फिरवला होता. तुम्ही घड्याळ बघत होतात.

तर, गेल्या शनिवारी. मेन केबल बदलायची म्हणून दोन दिवस करंट बंद. जानेवारीचा गारठा. ठिपकीनं आदल्या संध्याकाळीच पोटभर किडे खाल्ले होते. म्हणून मी वॉचमनला विचारून ती वायर लावली. एका चटईपुरती. तुमच्या कारंज्याच्या एका दिव्याइतकाही करंट ती ओढत नाही. ती तुम्ही उपटली.

मी संतापून आत आले. "माय, सावित्रीबाईच्या पोरानं वायर काढून फेकली."

माय टाकीपाशी बसली होती. मानसुद्धा वळवली नाही. "तो कशाला काढंल? पाय लागला असंल त्याचा."

"मी डोळ्यांनी बघितलं!"

"पाणी ठेव गॅसवर. भांडण मागून कर."

गुडघे शेकायची तिची रबराची पिशवी होती. तिच्यात गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून आम्ही टाकीच्या एकाच टोकाखाली सारली. एकाच. दुसरं टोक तिनं गार ठेवलं. पिशवी निवली की पाणी बदलायचं. दिवसभर हेच, दुसऱ्या दिवशीही हेच. गुडघ्यांना शेक नाही म्हणून माय भिंत धरून चालत होती. मी म्हटलं, "उलीसक तू पण शेकून घे." म्हणाली, "माझ्या पोटात किडे हायत का सडायला?"

रविवारी सकाळी मी माझा फोन कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं चार्ज करून आणला. संघपालचा कॉल आला तेव्हा पिशवी निवली होती, पाणी अजून तापायचं होतं.

"माय, ठिपकी दाखव. टाकी अंधारी काऊन दिसायली?"

"करंट गेला रं."

"मग ठिपकी कुठंय? खापराखाली नाही ती! माय?"

"हाय हाय. ओरडू नको, झोपली." मायनं शाल बाजूला केली. ठिपकी तिच्या पोटावर, पातळाच्या निऱ्यांत डोळे मिटून पडली होती. मायचा एक हात तिच्यावर, अर्धाच. "ह्या बाजूनं मोकळंच ठेवलंय. जायचं तर जाईल."

दुसरं काही दाखवायचं नव्हतं, म्हणून फोन मायवरच राहिला. तिकडून चेहरा स्क्रीनजवळ आला. मग संघपाल म्हणाला, "माय, तुझे गाल एवढे कधी बसले?"

"दात काढले ना, दिवाळीला."

"मला सांगितलं नाहीस."

"तू इचारलं नाहीस."

फोन संपेपर्यंत तो बोलत होता. गुडघ्याचं विचारलं, औषधाचं विचारलं, जेवतीस काय ते विचारलं. म्हणाला, "मला बल्बखाली ठेवलं होतं ना गं तुम्ही?" मायनं सगळं सांगितलं. शेगडी, खिडकी, एकनाथकाका. तुमचं सांगताना तर ती इतकी हसली की ठिपकी जागी झाली. "पडलं बिचारं, तरी परत चढलं. ते नसतं तर तू नसतास, बाप्या."

मला ऐकवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅससमोर उभी राहिले.

सोमवारी करंट आला. चटई तापली. दोन दिवस ठिपकी किड्याकडं बघेना, खापरातून बाहेर येईना. माय काचेला कपाळ लावून बसलेली. परवा तिनं एक किडा खाल्ला. मायनं शेजारच्या लेकरांना गूळ वाटला.

पाल जगली म्हणून विषय मिटला, असं समजू नका. लिफ्टमध्ये माय तुम्हाला भेटली तेव्हा तिनं विचारलं, "तुमचा पाय तर दुखावला नाही ना, वायरीत अडकला तवा?" आणि तुम्ही मान हलवून मोबाइल बघायला लागलात. तिला वाटलं, तुम्ही "नाही" म्हणालात. संध्याकाळी ती मला म्हणाली, "बघ, मी म्हणलं नव्हतं? सावित्रीवैनीचं लेकरू हाय ते."

तिच्यापुरता तुम्ही अजून त्या स्टुलावर उभे आहात. तिथून तुम्हाला खाली ओढायचं की नाही, हे मी माझ्या मनानं ठरवणार नाही. तुम्ही ठरवा. असोसिएशनच्या मीटिंगमध्ये नको, नोटिशीत नको. आमच्या दारात या, मायसमोर खाली बसा, आणि तिच्या तोंडावर सांगा.

पाय लागला होता की हात?

बोला.