वीस ते तीसचा चौकोन

संख्याशास्त्र शिकवायला फळा पुरतो असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल फळ्यावर शिकवावं. मला फरशी लागते. निरनिराळ्या कचेऱ्यांतले कारकून माझ्याकडे प्रशिक्षणाला पाठवले जातात. आकडे गोळा करणं हे त्यांचं रोजचं काम, पण त्या आकड्यांचं पुढे काय करायचं याचा बहुतेकांना पत्ता नसतो. मी त्यांना आल्या आल्या खुर्च्यांवरून उठवते, खडूने फरशीवर मोठमोठे चौकोन आखते आणि सांगते, "आता तुम्हीच माहिती. चला, आपापल्या वर्गात जाऊन उभे राहा."

नियम दोनच. कोणी चौकोनाबाहेर राहायचं नाही आणि कोणी दोन चौकोनांत पाय ठेवायचा नाही. मग प्रत्येक चौकोनातल्यांनी एक, दोन, तीन असं ओरडून स्वतःला मोजायचं. शेवटचा आकडा ती त्या वर्गाची वारंवारता. सगळ्या वारंवारतांची बेरीज एकूण माणसांइतकी यायलाच हवी. नाही आली तर मी चिडते, आणि मी चिडलेली कुणालाच परवडत नाही.

या तुकडीत बावीस जण होते. पहिला प्रश्न अगदी बाळबोध, चष्मा आहे की नाही. बेरीज आली तेवीस.

"दोनदा कोण ओरडलं?" मी विचारलं.

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. पाणीखात्यातले काका, निवृत्तीला टेकलेले, म्हणाले, "मॅडम, तुम्हीच मोजल्या गेल्या असाल चुकून."

"मी माहिती नाही, काका. मी मोजणारी आहे," असं म्हणून मी त्यांना गप्प केलं आणि बोटाने डोकी मोजली. बावीसच. पुन्हा चौकोनांत उभं करून ओरडायला लावलं, तर पुन्हा तेवीस. चष्मेवाले बरोबर होते. जास्तीचा एक बिनचष्म्याच्या चौकोनात निघत होता.

इस्पितळात नोंदी ठेवणारी एक नर्स त्याच चौकोनात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, एक आवाज माझ्या मागून आला. सर्दी झाल्यासारखा. मी वळून बघितलं तर मागे नुसती भिंत."

"तुम्हाला सगळीकडे पेशंटच दिसतात," मी म्हणाले. लोक हसले. मीही हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

दुसरा प्रश्न, लिहिता हात कोणता. डावखुरे दोघंच निघाले, पोस्टातला एक जाडजूड कारकून आणि विमा कचेरीतल्या एक बाई. पोस्टवाला ओरडला, "एक." बाई म्हणाल्या, "दोन." आणि त्या दोघांच्या मधून, नाकात अडकलेला, जरा ओढलेला आवाज आला, "तीन."

या वेळी तो सगळ्यांनी ऐकला. पोस्टवाला टुणकन चौकोनाबाहेर उडाला. एवढा मोठा माणूस इतका चपळ असेल असं वाटलं नव्हतं. त्याला आत ढकलायचं सोडून मी तशीच उभी राहिले, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे बारकी म्हणायचे. डावखुरी, डोळे घारीसारखे, आणि नाक बारा महिने चोंदलेलं. बारा वर्षांपूर्वी ती सकाळी कामावर गेली आणि संध्याकाळी परत आली नाही. कामावर पोचली नव्हती, इस्पितळांत नव्हती, पोलिसांना सापडली नाही. तेव्हा ती सव्वीसची होती. आईचं तेव्हापासून एकच पालुपद, बारकी येणार. आई तिचं वयही वाढवत नेते. "यंदा अडतीसची झाली असेल. अंगाने भरली असेल आता." मी हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. पुराव्याशिवाय आकडा लिहायचा नाही ही माझी शिस्त. पण बहीण आहे की नाही, एवढा एक रकाना रिकामा ठेवून जगणं म्हणजे काय असतं ते माझं मला ठाऊक.

जेवणाच्या सुट्टीत मी पुढचे कागद चाळले. दुपारचा धडा वर्गांतराचा होता, म्हणजे वयाचा. वीस ते तीस, तीस ते चाळीस, असे चौकोन आखायचे. बारकी कुठेतरी जिवंत असेल, आमच्यासारखीच वर्षं मोजत असेल, तर ती तीस ते चाळीसमध्ये उभी राहील. आणि सव्विसाव्या वर्षीच थांबली असेल तर वीस ते तीसमध्ये. तिसरा चौकोन नव्हता.

सुट्टीनंतर मी वयाचं नावच काढेना. सरासरीवर काहीबाही बोलत राहिले. शेवटी नर्स उठून माझ्याजवळ आली.

"तुम्ही ओळखता तो आवाज," ती म्हणाली.

"धाकटी बहीण आहे. हरवली आहे. जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नाही."

"मग विचारून टाका, मॅडम. आमच्याकडे बाहेरच्या बाकावर माणसं बसून असतात ना, मी रोज बघते. वाईट बातमी कळली की माणूस रडतं, पण निदान उठून घरी तरी जातं. ज्यांना काहीच कळत नाही, ती तिथंच बसून राहतात."

मला तिचा रागच आला. मग मी खडू घेतला आणि चौकोन आखायला लागले.

"वीस ते तीस कशाला, मॅडम?" पोस्टवाल्याने भीत भीत विचारलं. "आमच्यात कोण आहे एवढं कोवळं?"

खरंच कोणी नव्हतं. सगळे निदान दहा-पंधरा वर्षं खुर्च्या झिजवलेले. "रिकामा वर्गसुद्धा दाखवायचा असतो," मी म्हणाले. "शून्य हीसुद्धा माहितीच."

ते शून्यच राहू दे, असं मी मनात म्हणत होते.

वयस्करांपासून सुरुवात केली. काकांचा चौकोन बरोबर आला. त्याच्या अलीकडचाही बरोबर. मग तीस ते चाळीस. तिथं नऊ माणसं उभी होती. सहा, सात, आठ. नर्स म्हणाली, "नऊ." तिने डोळे मिटून घेतले होते. मी दहाची वाट बघत राहिले. आयुष्यभर चुकलेल्या बेरजांवर खेकसत आले, आणि आता एक बेरीज इथंच चुकावी म्हणून देवाला हात जोडत होते. म्हण ना गं, दहा म्हण.

दहा आलाच नाही.

मग शेजारच्या रिकाम्या चौकोनातून आवाज आला, "एक."

मी चौकोनाच्या रेघेपाशी जाऊन उभी राहिले. आत नुसती फरशी होती. "बारके," मी म्हटलं, "अगं, आई वाट बघते." माझा आवाज फुटला, सगळ्यांसमोर फुटला, आणि मला त्याची लाज वाटली नाही. बऱ्याच वेळाने मी फळ्याकडे गेले आणि वीस ते तीसच्या पुढे एक लिहिला.

मग सगळ्यांना पुन्हा मोजायला लावलं. बावीस. पुन्हा लावलं, चष्म्याने, हाताने, वयाने. दरवेळी बावीसच. जुळलेल्या बेरजेचा इतका राग मला कधी आला नव्हता.

घरी आले तेव्हा आई मटार सोलत बसली होती. मी चपला न काढताच तिच्यासमोर बसले.

"आई, बारकीची वाट नको बघू आता."

तिचे हात थांबले. "कुणी सांगितलं?"

"मीच मोजलं."

कसं मोजलं, हे तिने विचारलं नाही. माझ्या मोजणीवर तिचा पूर्ण भरवसा. ती ताटलीतल्या दाण्यांकडे बघत राहिली. रडेल असं वाटलं होतं, पण रडली नाही.

"तिथं एकटीच आहे का गं ती?"

तो रिकामा चौकोन माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. "नाही," मी म्हणाले. "बरेच जण आहेत. चांगली गर्दी आहे."

जाणूनबुजून खोटा आकडा मी त्याआधी कधी कुणाला दिला नव्हता.

"मग बरं," आई म्हणाली. "तिला एकटीला झोप लागायची नाही." आणि तिने पुढची शेंग हातात घेतली.